नात्याने चुलत : बॅलॅनोग्लॉससचे कुळ आणि आपण

(त्र्यंबकेश्वर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समुद्राच्या वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका मऊ, लिबलिबीत प्राण्यावर त्र्यंबकला तासभर बोलायचे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. डोंगराच्या कुशीतल्या गावाचा समुद्राशी काय संबंध? नकाशा उघडला तर समुद्र फार लांब नाही. इथून पश्चिमेला सरळ रेषेत तो शंभर किलोमीटरच्याही आत आहे. आपली गोदा मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. पण आज मी तिचे बोट धरून समुद्राकडे जाणार नाही. मला या गावाची दुसरी एक गोष्ट हवी आहे.

इथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी वह्या आहेत. परगावचा यजमान आला की ते आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आजोबांचे नाव. वही उघडते आणि शेदीडशे वर्षांपूर्वी त्याच घराण्यातला कोण इथे येऊन गेला होता, ते निघते. दोन अनोळखी माणसे एकाच पानावर भेटली, तर त्यांना कळते की आपला खापरपणजोबा एक. प्राण्यांचे वर्गीकरण म्हणजे अशीच एक वही आहे. फरक एवढाच की इथे सही करायला कोणी आलेले नसते. शरीराची ठेवण, डिंभकाचे रूप, जनुकांतली अक्षरे यांवरून नोंद आपल्याला करावी लागते. नोंद चुकली तर नाते चुकते, आणि चुकलेले नाते पुढे पाठ्यपुस्तकात जाऊन बसते.

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आहे. त्यात अर्धसमपृष्ठरज्जू प्राणी हा छोटासा संघ येतो. आपल्या मुलांना त्याबद्दल पाचसहा मुद्दे पाठ असतात. शरीराचे तीन भाग: सोंड, गळपट्टी आणि प्रकांड. प्राणी सागरनिवासी, वाळूत बिळे करून राहणारे. श्वसनाला कल्लाविदरे. पृष्ठरज्जू फक्त सोंडेत. उदाहरणे बॅलॅनोग्लॉसस आणि सॅकोग्लॉसस. आणि एका गुणाच्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर: बॅलॅनोग्लॉसस हा पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांना जोडणारा दुवा. पुढे बी.एस्सी.ला गेलेल्यांनी याच प्राण्याच्या सोंडेचा, गळपट्टीचा आणि कल्ल्यांच्या भागाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जर्नलमध्ये आकृत्या काढलेल्या असतात.

यातले बहुतेक मुद्दे खरे आहेत. दोन मुद्दे मात्र आता टिकत नाहीत: सोंडेतला पृष्ठरज्जू आणि ‘दुवा’. ते का टिकत नाहीत, आणि त्यांच्या जागी जे खरे निघाले ते किती अधिक विस्मयकारक आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्राणी आणि त्याचे घर

आधी प्राण्याशी ओळख करून घेऊ. इंग्रजीत याला एकॉर्न वर्म म्हणतात. सोंड आणि तिच्या तळाशी असलेली गळपट्टी मिळून ओकच्या फळासारखी दिसते, म्हणून. सोंड स्नायुमय असते. ती फुगवून, ताणून, पुन्हा आखडून हा प्राणी वाळूत वाट काढतो. सोंडेच्या पृष्ठभागावर असंख्य पक्ष्माभिका सतत हलत असतात. त्यांच्यावर चिकट स्रावाचा थर असतो. वाळूतले सेंद्रिय कण त्या थरात अडकतात आणि सोंडेवरून मागे सरकत गळपट्टीच्या कडेशी असलेल्या तोंडात जातात. पाण्यात तरंगणारे कणही असेच टिपले जातात.

कित्येक जाती वाळूसकट सगळे गिळतात. पोषक भाग पचवायचा आणि उरलेली वाळू मागच्या टोकाने बाहेर टाकायची. इंग्रजी यू अक्षरासारख्या बिळाचे एक तोंड खायचे आणि दुसरे टाकायचे. ओहोटीला वाळूवर वेटोळे घातलेल्या दोरीसारखी विष्ठेची ढिगुळी दिसते, ती या दुसऱ्या तोंडाशी. अशी वेटोळी काही वलयांकित कृमीही टाकतात, तेव्हा केवळ ढिगुळी पाहून ओळख पटवू नये. वाळू खालीवर होत राहिल्याने तळापर्यंत प्राणवायू पोचतो, साचलेले अन्न पुन्हा वर येते, आणि तिथल्या सगळ्या सूक्ष्म जीवसृष्टीचे त्यावर भागते.

वासाचेही सांगायला हवे. यांच्यातल्या अनेक जातींना आयोडोफॉर्मसारखा, म्हणजे जुन्या दवाखान्यात जखमेवर लावायच्या पिवळ्या पुडीसारखा उग्र दर्प येतो. ब्रोमीनयुक्त फिनॉल संयुगे त्याच्या मुळाशी आहेत. मऊ शरीर, कवच नाही, दात नाहीत, पळायला पाय नाहीत, अशा प्राण्याला ही रसायने संरक्षण देत असावीत. काही जाती छेडल्यावर हिरवट प्रकाशही देतात.

आकाराची झेप तर फार मोठी. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा बॅलॅनोग्लॉसस गिगास दीड मीटरच्याही पुढे वाढतो. दुसऱ्या टोकाला २०१२ साली वर्णन झालेला मेयोग्लॉसस सॅमोफिलस आहे, अवघा अर्ध्यापाऊण मिलिमीटरचा, वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत राहणारा.

आता आतला भाग. गळपट्टीच्या मागे, प्रकांडाच्या पुढल्या भागात, घशाच्या दोन्ही बाजूंना फटींची रांग असते. हीच कल्लाविदरे. मोठ्या जातींत त्यांच्या जोड्या शंभराहूनही अधिक भरतात. तोंडावाटे आलेले पाणी या फटींतून बाहेर जाते. प्रत्येक फट आधी साध्या भोकासारखी उमटते. मग वरून जिभेसारखी एक पट्टी खाली उतरते आणि फटीला यू अक्षराचा आकार येतो. आपल्या बाजूच्या ॲम्फिऑक्सस या पृष्ठरज्जुधारी प्राण्याच्या घशातही अगदी अशीच पट्टी अशीच खाली उतरते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

रक्त रंगहीन. ते पाठीकडच्या वाहिनीतून पुढे आणि पोटाकडच्या वाहिनीतून मागे वाहते. आपल्यात याच्या उलट: पोटाकडच्या हृदयातून रक्त पुढे ढकलले जाते आणि पाठीकडच्या महारोहिणीतून मागे जाते. मज्जासंस्था मुख्यतः त्वचेतच जाळ्यासारखी पसरलेली. मेंदू म्हणावा असा अवयव नाही. गळपट्टीत मात्र पाठीच्या बाजूला मज्जेची एक दोरी आत बुडालेली असते आणि कित्येक जातींत ती पोकळ असते.

चार कुळे

अर्धसमपृष्ठरज्जू संघात आज सव्वाशेच्या आसपास जिवंत जाती गणल्या जातात. त्यांचे दोन गट पडतात. एक नळ्यांत वसाहत करून राहणाऱ्या इवल्याशा टेरोब्रँकांचा, आणि दुसरा आपल्या एकॉर्न कृमींचा. या दुसऱ्या गटाला कार्ल गेगेनबाउर याने १८७० साली एन्टरोन्यूस्टा हे नाव दिले. त्यात आज मुख्यतः चार कुळे मानतात.

आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे टायकोडेरिडी. बॅलॅनोग्लॉसस याच कुळातला. टायकोडेरा आणि ग्लॉसोबॅलॅनस हे त्याचे भाऊबंद. या कुळाचे प्राणी ओळखायच्या खुणा ठळक आहेत. प्रकांडाच्या पुढल्या भागात दोन्ही कडांनी त्वचेच्या घड्या पंखांसारख्या उभ्या राहतात, त्यांत जननग्रंथी असतात. त्यांच्या मागे आतड्याला यकृतासारख्या पिशव्यांच्या रांगा फुटतात आणि त्या पाठीवर उंचवट्यांसारख्या बाहेरूनही दिसतात. कल्ल्याच्या पट्ट्या आडव्या दांड्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. आणि अंड्यातून थेट कृमी बाहेर पडत नाही. आधी टॉर्नारिया नावाचा पारदर्शक डिंभक निघतो आणि तो प्लवकांत तरंगत राहतो.

दुसरे कुळ स्पेंगेलिडी. या कुळातल्या ग्लँडिसेप्स, शायझोकार्डियम यांचेही डिंभक टॉर्नारियाच. तिसरे हॅरिमनिडी. १८९९ साली अमेरिकेतला रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन याने अलास्कात शास्त्रज्ञांची मोहीम नेली होती. तिथे सापडलेल्या कृमीच्या प्रजातीला त्याचे नाव मिळाले, त्यावरून कुळालाही. सॅकोग्लॉसस या कुळातला. याच्यात डिंभकाची पायरी गाळलेली आहे आणि अंड्यातून जवळजवळ थेट लहानगा कृमी तयार होतो. प्रयोगशाळेत वाढवायला म्हणूनच तो सोयीचा ठरला.

चौथ्या कुळाची कहाणी निराळी. १९६०च्या दशकात खोल समुद्रतळाच्या छायाचित्रांत एक अनोळखी प्राणी दिसला. बीळबीळ काही नाही, उघड्या चिखलावर सरपटतोय आणि मागे विष्ठेची नागमोडी रेघ सोडतोय. नमुना हाती लागला नाही म्हणून पंडितांचे वाद वर्षानुवर्षे चालू राहिले. दूरनियंत्रित पाणबुड्यांनी नमुने वर आणले आणि २००५ साली टॉर्क्वाराटोरिडी हे नवे कुळ मांडले गेले. याच कुळातल्या एका जांभळ्या प्राण्याचे नाव योडा पर्प्युराटा. गळपट्टीच्या लोंबत्या कडा पाहून नाव ठेवणाऱ्यांना ‘स्टार वॉर्स’मधला योडा आठवला. जनुकांची तुलना केल्यावर कळले की हे खोल पाण्यातले कुळ आपल्या उथळ पाण्यातल्या टायकोडेरिडीच्या सगळ्यांत जवळचे आहे. म्हणजे एका घराण्याची एक शाखा किनाऱ्यावर राहिली आणि दुसरी अंधाऱ्या तळाशी स्थिरावली.

तीन चुकीच्या नोंदी

आता या घराण्याची वही पाहू. पहिले पान १८२५चे. योहान फ्रीड्रिख एश्शोल्ट्झ हा निसर्गशास्त्रज्ञ रशियन जहाजातून जगप्रदक्षिणेला गेला असताना पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांजवळ त्याला एक पिवळसर प्राणी मिळाला. त्याने त्याचे नाव टायकोडेरा फ्लाव्हा ठेवले आणि नोंद केली समुद्रकाकडीच्या नातलगांत. पुढे चारच वर्षांनी, १८२९ साली, इटलीत देल्ले कियाये याने बॅलॅनोग्लॉससचे वर्णन केले.

दुसरी नोंद १८५०ची. बर्लिनच्या योहानेस म्युलरला समुद्राच्या पाण्यात एक सुंदर डिंभक सापडला. अंगावर पक्ष्माभिकांच्या वळणदार पट्ट्या, अगदी ताऱ्यामाशाच्या डिंभकासारख्या. त्याने तो ताऱ्यामाशाचाच मानला आणि टॉर्नारिया म्हटले. वीसेक वर्षांनी एली मेच्निकोव्ह याने दाखवले की या डिंभकाचा तारामासा होत नाही, बॅलॅनोग्लॉसस होतो. हाच मेच्निकोव्ह पुढे रोगजंतू गिळणाऱ्या पेशींच्या शोधासाठी १९०८च्या नोबेलचा मानकरी झाला. त्याने आणखी एक गोष्ट केली. डिंभकांचे साम्य योगायोगाचे नाही असे म्हणून त्याने १८८१ साली तारामासा, समुद्रकाकडी असे कंटकचर्मी प्राणी आणि एकॉर्न कृमी यांना एकाच छत्राखाली आणले. हे त्याचे मत पुढे शंभर वर्षे अडगळीत पडले.

कारण मधे तिसरी नोंद आली. १८६६ साली अलेक्झांडर कोवालेव्हस्की याने बॅलॅनोग्लॉससच्या घशातल्या फटी या कल्लाविदरे आहेत हे ओळखले. तोवर कल्लाविदरे ही मासे, ॲम्फिऑक्सस अशा आपल्या बाजूच्या प्राण्यांचीच खूण मानली जात होती. मग केंब्रिजचा तरुण विल्यम बेटसन १८८३ आणि १८८४ साली अमेरिकेच्या चेसापीक उपसागराच्या काठी राहिला आणि सॅकोग्लॉससचा भ्रूणापासूनचा विकास त्याने बारकाईने पाहिला. सोंडेच्या बुडाशी त्याला एक ताठर, पोकळीदार अवयव दिसला. आतड्याची ती पुढे सरकलेली फांदी होती. बेटसनने तिला पृष्ठरज्जू मानले. कल्लाविदरे आहेत, पाठीकडे पोकळ मज्जादोरी आहे, पृष्ठरज्जूही आहे, भले अर्धामुर्धा असेना. त्याने हे प्राणी सरळ पृष्ठरज्जुधारींच्या घरात नेऊन बसवले. बेटसन पुढे आनुवंशिकतेकडे वळला. १९०५ साली ‘जेनेटिक्स’ हा शब्द त्यानेच सुचवला. पण त्याने दिलेले अर्धसमपृष्ठरज्जू हे बिरुद आपल्या पुस्तकांत आजही आहे, आणि सोंडेतल्या पृष्ठरज्जूची गोष्टही तिथूनच आलेली आहे.

सगळ्यांना ते तेव्हाही पटले नव्हते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योहान विल्हेल्म स्पेंगेल याने नेपल्सच्या आखातातल्या एकॉर्न कृमींवर १८९३ साली प्रचंड ग्रंथ लिहिला आणि बेटसनच्या मताला ठाम विरोध केला. टायकोडेरिडी हे कुळ त्याच ग्रंथातून उभे राहिले. स्पेंगेलिडी कुळाला त्याचेच नाव आहे.

पृष्ठरज्जू नव्हेच

सोंडेतला तो अवयव आज स्टोमोकॉर्ड म्हणून ओळखला जातो. तो पृष्ठरज्जू का नव्हे? एक तर जागा. पृष्ठरज्जू आतडे आणि मज्जारज्जू यांच्या मधे शरीरभर धावतो आणि शरीराला आधार देतो. स्टोमोकॉर्ड सोंडेच्या बुडाशीच संपतो, आणि तिथे तो रक्ताच्या पोकळीला व हृदयाच्या पिशवीला टेकू देतो. दुसरे कारण जनुकांचे. पृष्ठरज्जू घडवण्यात ब्रॅक्युरी नावाच्या जनुकाचा कळीचा वाटा असतो. १९९९ साली टायकोडेरा फ्लाव्हाच्या भ्रूणांत आणि डिंभकांत हे जनुक कुठे जागे होते ते तपासले गेले. ते तोंड आणि गुदद्वाराच्या भागात जागे झाले. जिथून स्टोमोकॉर्ड बनतो तिथे त्याचा पत्ता नव्हता. २०१४ साली जपानी संशोधकांनी दाखवले की स्टोमोकॉर्डमध्ये फॉक्स-ई हे जनुक काम करते. आपल्यात या जनुकाचा संबंध घशातल्या थायरॉइड ग्रंथीशी आहे. म्हणजे ज्याला आपण पाठीचा कणा होऊ घातलेला अवयव समजत होतो, त्याचे नाते घशाकडे निघाले.

आणि मेच्निकोव्ह? १९९०च्या दशकात रायबोसोमच्या आरएनए जनुकांची अक्षरे वाचायला सुरुवात झाली, तेव्हा त्याचे म्हणणे खरे निघाले. एकॉर्न कृमी आणि कंटकचर्मी हे एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग. समुद्रकाकडीच्या पानावर एश्शोल्ट्झने केलेली नोंद चुकीची होती, पण मोहल्ला बरोबर होता.

चुलत भाऊ पूर्वज नसतो

आता ‘दुवा’. या उत्तराने मुलांच्या डोक्यात एक शिडी उभी राहते. खालच्या पायरीवर गांडूळ, मधे बॅलॅनोग्लॉसस, वर मासा, बेडूक, माकड, माणूस. शिडीवर बॅलॅनोग्लॉसस जणू थांबून राहिला आणि बाकीचे पुढे निघून गेले.

आजचा कोणताही जिवंत प्राणी दुसऱ्या जिवंत प्राण्याचा पूर्वज असू शकत नाही. बॅलॅनोग्लॉससला आपल्याइतकीच वर्षे मिळाली आहेत आणि तोही आपल्या वाटेने बदलत आला आहे. वंशवृक्षात त्याची जागा आपल्या शेजारच्या फांदीवर आहे. एका फांदीवर कंटकचर्मी आणि एकॉर्न कृमी, दुसरीवर ॲम्फिऑक्सस व हर्डमानिया यांसारखे साधे पृष्ठरज्जुधारी, मासे आणि आपण. दोन्ही फांद्या जिथे मिळतात तिथे एक सामाईक पूर्वज होता. तो नाहीसा झाला. तो कसा असावा, हे दोन्हीकडच्या वंशजांना शेजारी ठेवून ताडावे लागते. याला चुलत नाते म्हणतात, दुवा नव्हे.

किती जुने नाते? कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकांत स्पार्टोब्रँकस टेन्युइस नावाचा एकॉर्न कृमी सापडला आहे. त्याचे वर्णन २०१३ साली झाले. तो ५० कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा आहे, शरीराची ठेवण आजच्यासारखीच, पण राहायचा नळीत. इथल्या ब्रह्मगिरी डोंगराचा काळा बेसॉल्ट ज्या लाव्हापासून बनला तो ओतला गेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आपल्याला अनादी वाटणारा हा डोंगर या घराण्यापुढे कालचा आहे.

आता त्या घशातल्या फटींकडे येऊ. २०१५ साली टायकोडेरा फ्लाव्हा आणि सॅकोग्लॉसस कोवालेव्हस्काय या दोघांचे जीनोम प्रसिद्ध झाले. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. घशाच्या फटी घडवण्याशी संबंधित काही जनुके गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून एकाच क्रमाने बसलेली आहेत, या कृमींत आणि आपल्यातही. सामाईक पूर्वजाकडे घशाच्या फटी होत्या याचा इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. कंटकचर्मींनी त्या पुढे गमावल्या. माशांनी त्यांचे कल्ले केले. आपल्यात भ्रूणावस्थेत घशाला बाहेर आलेल्या पिशव्या उमटतात, पण त्यांच्या फटी होत नाहीत. पहिल्या पिशवीपासून मध्यकर्णाची पोकळी आणि कानाला घशाशी जोडणारी नळी बनते, दुसरीपासून टॉन्सिलची जागा, तिसरीपासून छातीतली थायमस ग्रंथी, तिसरी आणि चौथी मिळून चार पॅराथायरॉइड ग्रंथी. सर्दीत कानांना दडे बसतात किंवा पोराचे टॉन्सिल सुजतात, तेव्हा तक्रार याच जुन्या वारशाची असते. पुस्तक आपल्याला सोंडेत साम्य शोधायला सांगते. साम्य घशात आहे.

विज्ञानात शेवटचे पान नसते, तेव्हा हेही सांगतो. कंटकचर्मी-एकॉर्न कृमींची फांदी आणि आपली फांदी या दोन्ही एकाच मोठ्या डहाळीच्या आहेत का, यावर २०२१ साली एका संशोधकगटाने शंका घेतली. ते बरोबर ठरले तर घशाच्या फटी आणखी जुन्या ठरतील, इतर कितीतरी प्राण्यांच्याही पूर्वजांकडे गेलेल्या. चुलत नाते लांबेल, तुटणार नाही.

डोके आधी, धड मागाहून

टॉर्नारियाबद्दल आणखी थोडे, कारण टायकोडेरिडी आणि स्पेंगेलिडी कुळांचे खरे नवल तिथे आहे. पाण्यात सोडलेली अंडी पाण्यातच फलित होतात आणि काही दिवसांत पारदर्शक डिंभक पोहू लागतात. ते महिनोन् महिने प्लवकांत राहू शकतात. प्रवाहांबरोबर इतका काळ हिंडल्यामुळे टायकोडेरा फ्लाव्हासारखी एकच जाती हिंदी महासागरापासून हवाईपर्यंत पसरलेली आहे. २०१७ साली शायझोकार्डियमच्या डिंभकाचा अभ्यास झाला. शरीराचा धड-भाग घडवणारी हॉक्स जनुके या डिंभकात जवळपास निजलेली असतात. पोहणारा टॉर्नारिया म्हणजे निव्वळ डोके. धड त्याला नंतर, तळाशी उतरून रूपांतर होताना फुटते.

त्याआधी २००३ साली सॅकोग्लॉससवर झालेल्या कामाने दाखवले होते की सोंडेपासून प्रकांडापर्यंत जनुकांचे पट्टे ज्या क्रमाने उमटतात, तोच क्रम आपल्या मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आहे. इथे मेंदू नाही, पण मेंदूची आखणी करणारा नकाशा आधीपासून आहे. दुवा शोधणाऱ्याला हे दिसले नसते. दोन चुलत भावांची घरे शेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच ते दिसले.

आणि हा प्राणी तुटला तर पुन्हा घडतो. टायकोडेरा फ्लाव्हाचे प्रकांड कापले, तर मागच्या तुकड्यावर काही दिवसांत जखम भरते आणि मग नवी सोंड, नवे तोंड, नवी गळपट्टी उगवते. गळपट्टीतली पोकळ मज्जादोरीसुद्धा नव्याने तयार होते. आपला इतका जवळचा नातलग मज्जेची दोरी पुन्हा विणतो आणि आपण का विणत नाही, हा प्रश्न आज हवाई, तैवान आणि इतरत्र प्रयोगशाळांत गंभीरपणे विचारला जातो.

आपला किनारा

हे सगळे परदेशात झाले असे समजू नका. १९०३ साली मद्रासच्या के. रामुण्णी मेनन यांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या एन्टरोन्यूस्टांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे ते मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रामेश्वरमजवळच्या क्रुसडाई बेटावर टायकोडेरा फ्लाव्हा प्रवाळी वाळूत सापडतो. हे बेट प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचे सहलीचे ठिकाण. तिथल्या या प्राण्याच्या जीवनक्रमावर १९५०च्या दशकात मद्रासमधून के. पंपापती राव यांनी काम केले. मन्नारच्या आखातातली ही बेटे १९८६पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथून आता प्राणी उचलून आणता येत नाही, आणि आणूही नये. बरणीतला पांढराफटक नमुना आणि जुन्या काचपट्ट्या आपल्या महाविद्यालयांना पुरेशा आहेत. जिवंत प्राण्याला त्याच्या वाळूत पाहणे वेगळे, आणि त्यासाठी त्याला मारायची गरज पडत नाही.

इथे शिक्षक बसलेले आहेत, म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो.

पहिली: परीक्षेत उत्तर जे अपेक्षित आहे ते मुलांना लिहू द्या, त्यांचा गुण जाऊ नये. पण वर्गात पुढचा प्रश्न जरूर विचारा: बॅलॅनोग्लॉससचा सगळ्यांत जवळचा नातलग कोण, मासा की तारामासा? वर्गातले बहुतेक हात माशाच्या बाजूने वर जातील. तिथून खरा धडा सुरू होतो.

दुसरी: पाठ्यपुस्तकाची पुढची आवृत्ती होईल तेव्हा सोंडेतल्या पृष्ठरज्जूचे वाक्य बदलावे, असे आपण शिक्षकांनी सहीनिशी लेखी कळवू या. संघाचे नाव बदलायची गरज नाही. नावे जुनी राहतात, अर्थ नवा होतो. ‘सोंडेत स्टोमोकॉर्ड हा अवयव असतो, तो पृष्ठरज्जू नव्हे, पृष्ठवंशीयांशी साम्य घशातल्या कल्लाविदरांचे आहे’ एवढे एक वाक्य पुरेल. ‘दुवा’च्या जागी ‘सामाईक पूर्वज असलेले नातलग’ म्हणावे.

तिसरी विनंती विद्यार्थ्यांना. कोकणात सहल निघाली तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची मोठी ओहोटी साधा. पाणी दूर ओसरले की वाळूवर वेटोळ्यांच्या ढिगुळ्या शोधा, त्यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, ठिकाण आणि वेळ लिहा. बीळ खणू नका. अशा नोंदी दरवर्षी, एकाच किनाऱ्यावर, न चुकता होत राहिल्या तर दहा वर्षांनी कोणीतरी त्यांच्यावरून काम करील. स्पेंगेलचा तो प्रचंड ग्रंथही एकाच आखातातल्या प्राण्यांच्या चिकाटीने केलेल्या नोंदींवर उभा राहिला होता.